चिमटीएवढी चावी

छातीत पाणी झालं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा चावीवाल्या काकांना भीती वाटली नाही, कंटाळा आला. पुढचे पंधरा दिवस आपल्याला काय ऐकावं लागणार, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम केलं. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची, मोजून फेरे द्यायचे, आणि वेळ झाली की तितकेच फेरे उलटे. अशा माणसाच्या छातीत पाणी भरलं म्हटल्यावर लोक कशाला गप्प बसतील. "काय काका, रिटायर होताना थोडं घरी घेऊन आलात वाटतं," हा विनोद त्यांना पहिल्या दोन दिवसांत नऊ जणांनी ऐकवला. त्यातले दोघे डॉक्टर होते. एक जण एक्स-रे काढणारा होता, आणि त्याने तो काकांना श्वास रोखून धरायला सांगून ऐकवला.

मूळ दुखणं न्यूमोनियाचं. तो औषधांनी आटोक्यात आला, पण जाता जाता उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी सोडून गेला. काकांना चार पावलांत धाप लागायची, आणि उजव्या कुशीवर झोपलं की छातीवर कुणीतरी भरलेली बादली ठेवल्यासारखं वाटायचं.

नळी घातली ती खाटेवरच. काकांना वाटलं होतं की आत कुठेतरी नेतील, मोठे दिवे लावतील, दहा माणसं जमतील. प्रत्यक्षात छोट्या डॉक्टर एक ढकलगाडी घेऊन आल्या. वॉर्डात दोन डॉक्टर होते, मोठे आणि छोट्या. मोठे आठवड्यातून दोनदा दिसत. छोट्या नेहमीच दिसत, इतक्या की त्यांना घर असावं की नाही याबद्दल वॉर्डात दोन मतं होती. त्यांनी काकांना खाटेच्या कडेला बसवलं, पुढे टेबल सरकवलं, टेबलावर उशी ठेवली आणि तिला मिठी मारून ओणवं व्हायला सांगितलं.

"असं किती वेळ?"

"वीस मिनिटं. हलू नका, खोकला आला तर आधी सांगा."

"खोकला सांगून येतो का डॉक्टर?"

"तुमचा येईल. तुम्ही शिस्तीचे दिसता."

पाठीवर गार जेल लागलं, सोनोग्राफीचं बोंडूक फिरलं, पेनाने फुली मारली गेली. मग बधिर करायचं इंजेक्शन, मग लांब सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. छोट्या डॉक्टर सगळं सांगत सांगत करत होत्या. पूर्वी बोटाएवढी जाड नळी घालायचे, ही पेन्सिलीपेक्षा बारीक आहे, आत गेल्यावर हिच्या टोकाला वेटोळं होतं म्हणून ती सुटून येत नाही.

"कसलं वेटोळं?"

"डुकराच्या शेपटीसारखं. नावच आहे तसं, पिगटेल."

काकांनी उशीत तोंड खुपसून यावर थोडा विचार केला, आणि आपल्या थोरल्या बहिणीला ही गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं.

पाणी निघालं ते फिक्या चहाच्या रंगाचं. नळीला पुढे एक पिशवी होती, तिच्यावर रेघा होत्या. एक लिटर भरलं तसं छोट्या डॉक्टरांनी बंद केलं. चार तासांनी पुन्हा सोडायचं म्हणाल्या. एकदम सगळं काढलं तर इतके दिवस दबलेलं फुफ्फुस झटक्यात फुगतं आणि ते त्याला सोसत नाही.

"बरोबर आहे," काका उशीतून म्हणाले. "रिकाम्या लाईनीत एकदम पाणी सोडलं की सांधे उखडतात. मी नवीन पोरांना हेच सांगायचो. पहिले तीन फेरे सावकाश."

छोट्या डॉक्टर नळी पाठीला टाका घालून शिवत होत्या. शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता, तोही छातीचाच पेशंट, त्यालाही नळी होती. तो मान लांब करून बघत होता.

"टाका कच्चा आहे," शिंपी म्हणाला.

"मास्तर, पंधरा दिवसांसाठीच आहे," छोट्या डॉक्टर म्हणाल्या.

"तरी दुहेरी धागा घ्यायला हवा होता," शिंपी म्हणाला, आणि कुणी विचारत नाही हे बघून आडवा झाला.

नळी पुढे काखेखालून वळवून आणली होती. तिच्यावर मध्येच एक चिमटीएवढी प्लॅस्टिकची चावी होती. ती कपड्यात अडकू नये म्हणून सिस्टरने तिच्याभोवती कापूस आणि जाळीचं कापड गुंडाळून ठेवलं होतं. त्यामुळे काकांना ती कधी नीट दिसली नाही. दोन दिवस सोडबंद झाल्यावर चावी कायमची उघडी ठेवली, आणि मग रोज सकाळी आठ वाजता सिस्टर पिशवीवरचा आकडा बघून कागदावर लिहू लागली. नियम सोपा होता. चोवीस तासांत शंभराच्या आत पाणी आलं की नळी काढायची आणि माणूस घरी.

सातशे. चारशे. दोनशे साठ. एकशे नव्वद.

काकांना घरी जायचं होतं, आणि तेही गुरुवारपर्यंत. कारण शुक्रवारी काकूंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

ही तारीख तिसरी. पहिली काकांच्या तापात गेली, दुसरी काकांच्या ॲडमिट होण्यात. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की आता चुकवलीत तर नाव यादीच्या शेवटी, म्हणजे पाच महिने. डावा डोळा आधीच नावापुरता होता. काकू रोज सकाळी दहाला दोन बस बदलून यायच्या, सहा वाजेपर्यंत खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर भिंतीला पाठ टेकून बसायच्या आणि पुन्हा दोन बस बदलून जायच्या. बसचा नंबर दुसऱ्यांना विचारायच्या. मंगळवारी तर त्यांनी डबा उघडला, चमचा भरला आणि शेजारच्या शिंप्याला सूप भरवायला सुरुवात केली. दोन चमचे झाल्यावर शिंपी म्हणाला, "वहिनी, मीठ अगदी बेताचं आहे, पण मी तुमचा नव्हे."

त्या हसल्या, काकाही हसले, शिंप्याला खोकल्याची उबळ आली. सगळं झाल्यावर काकूंनी चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

"शुक्रवारचं काय करायचं?" काकांनी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? तुम्ही घरी असाल तर जाईन."

"आणि नसलो तर?"

"तर नाही. तुम्ही इथे नळी लावून, मी तिथे डोळ्याला पट्टी लावून. घरी कोण, कुलूप? दिवसातून चार वेळा थेंब घालायचेत. वाकायचं नाही, उचलायचं नाही. माझे थेंब मीच कसे घालू?"

"ताईला बोलावू."

ताई म्हणजे काकांची तीच थोरली बहीण. काकूंनी खिडकीकडे बघितलं, म्हणजे खिडकी असावी अशा दिशेला.

"वन्संबरोबर जायचं तर डोळ्याआधी कानाचं काहीतरी करून घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि पाच महिन्यांनी काय होतंय मला? दिसतंय की थोडंफार. आज किती झालं?"

हा प्रश्न शिंप्यासाठी असायचा. पिशवीवरच्या रेघा काकूंना दिसत नसत, आणि काकांच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. शिंप्याची नजर टेपवर तयार झालेली. तो खाटेवरून वाकून बघायचा आणि मापात सांगायचा.

"मंगळवारचे एकशे नव्वद, वहिनी. सैल धरून."

बुधवारी सकाळी एकशे साठ भरले. छोट्या डॉक्टर राउंडला आल्या, छाती ऐकली, कागद बघितला.

"उतरतंय. उद्या शंभराच्या आत आलं तर उद्याच काढते. दुपारी घरी."

"आणि एकशे दहा आलं तर?"

"तर परवा बघू."

"परवा शुक्रवार आहे."

"दर आठवड्याला असतो, काका," छोट्या डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यात कुचेष्टा नव्हती. त्या फार थकलेल्या होत्या, आणि थकलेला माणूस खरं तेवढंच बोलतो.

दुपारी एकच्या सुमाराला सिस्टर आली. तिची त्या दिवशी डबल ड्युटी होती, कारण दुसरी सिस्टर रजेवर होती आणि तिच्या जागी येणारी तिसरी सिस्टर अजून कागदावरच होती. सव्वीस पेशंट आणि ही एकटी. तिने काकांच्या काखेखालचं कापड सोडलं, नळी उजेडात धरून बघितली.

"आत जाळं दिसतंय बारीक. नळी धुवून घेते."

चावीच्या बाजूच्या तोंडाला तिने सिरिंज लावली, सलाईन आत ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. काकांना छातीत गार गार वाटलं. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं की चौदा नंबरने सलाईन उपसून काढलंय आणि तो घरी निघालाय. सिस्टरने सिरिंज काढली, टोपण लावलं, कापड गुंडाळलं, चिकटपट्टी मारली आणि चौदा नंबरला अर्ध्या जिन्यातून परत आणायला गेली.

संध्याकाळी सहाला काकू उठल्या. पिशवी चाचपून घेतली, डबा घेतला, "येते हं" म्हणाल्या. दारात सलाईनचा एक रिकामा स्टँड उभा होता. त्या त्याच्यावर आदळल्या. स्टँड हलला, काकूंनी त्याला दोन्ही हातांनी सावरलं आणि म्हणाल्या, "सॉरी हं, लागलं नाही ना?" मग उत्तर आलं नाही म्हणून थोडं थांबल्या आणि गेल्या.

वॉर्डात हे फक्त काकांनी पाहिलं. शिंपी झोपला होता, म्हणजे डोळे मिटून पडला होता.

काकांच्या गल्लीला लाईनच्या शेपटीचं पाणी यायचं. चाळीस मिनिटं, बारीक धार. चावी काकांच्याच हातात असायची, आणि चौतीस वर्षांत त्यांनी त्या गल्लीला एक्केचाळिसावं मिनिट दिलं नव्हतं. गल्लीतले लोक त्यांना तोंडावर साहेब म्हणायचे आणि मागे जे म्हणायचे ते काकूंना नळावर ऐकावं लागायचं. काकूंनी एकदाच शब्द टाकला होता. घरात सहा पाहुणे होते. आज दहा मिनिटं जास्त सोडा, एवढंच म्हणाल्या. काकांनी नियम सांगितला. काकू बरं म्हणाल्या आणि दोन गल्ल्या पलीकडून चार खेपा करून पाणी आणलं. भांडल्या असत्या तर काका ते केव्हाच विसरले असते.

काकांनी आता कापडाची चिकटपट्टी सोडली. आत ती चावी होती. बोटाच्या पेराएवढी, निळी. तिच्यावर काहीतरी बारीक अक्षरं होती, पण चष्मा कपाटात होता, आणि चावीवरची अक्षरं वाचून काम करणारा चावीवाला त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बघायचं काय असतं? दांडी पाईपच्या रेषेत असली की उघडं. दांडी आडवी असली की बंद. ही दांडी नळीच्या रेषेत होती. म्हणजे उघडं होतं.

दुपारपर्यंत साठएक आलेलं त्यांनी पिशवीवर बघून ठेवलं होतं. आता बंद केलं तर सकाळी साठ-सत्तरच भरेल. शंभराच्या आत. नळी निघेल, दुपारी घर, शुक्रवारी डोळा. राहिलेलं पाणी छातीत राहील, तर राहू दे. औषधं चालूच आहेत. आणि महिन्याभराने पुन्हा धाप लागली तर पुन्हा येऊ. तोपर्यंत बायको निदान स्टँडला स्टँड म्हणेल.

त्यांनी दांडी आडवी केली. एकच पाव फेरा. चौतीस वर्षांत वेळेआधी फिरवलेली ही पहिली चावी, आणि तीही इतकी हलकी की काही केल्यासारखं वाटेना. कापड पुन्हा गुंडाळलं. सिस्टरसारखी घडी जमली नाही.

गुरुवारी सकाळी आठला सिस्टर आली, खाली वाकली आणि म्हणाली, "तीनशे ऐंशी."

काका कोपरावर उठले.

"नीट बघा."

"बघितलं. तीनशे ऐंशी. वरपर्यंत आलंय."

"शक्य नाही."

"काका, रेघ आहे ती. तिला माझ्याशी काय घेणं?"

"शक्यच नाही," काका म्हणाले, आणि मग जे म्हणायचं नव्हतं ते म्हणाले. "बंद होतं ते."

सिस्टर सरळ झाली. "काय बंद होतं?"

शेजारून शिंपी म्हणाला, "सांगून टाका, चावीवाले. मी काल बघितलंय सगळं."

"तुम्ही झोपला होतात."

"डोळे मिटले होते. शिवताना शंभरदा मिटतो."

सिस्टरने कापड सोडलं. घडी आपली नाही हे तिला लगेच कळलं. तिने चावी बघितली, मग काकांकडे बघितलं, मग पुन्हा चावी बघितली.

"काल तुम्ही ही फिरवलीत?"

"हो."

"बंद करायला?"

"हो. रेघेत होती, आडवी केली."

"काका," सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "हिचं उलटं असतं. ही दांडी ज्या बाजूला बघते ती बाजू बंद. रेघेत असली की बंद. आडवी असली की चालू. तुम्ही उघडलीत ती."

काकांना हे पटायला वेळ लागला. पटल्यावर पहिल्यांदा त्यांना राग आला तो चावी बनवणाऱ्याचा.

"हे कुठलं शहाणपण? जगात कुठे असं असतं?"

सिस्टर बोटांवर तास मोजत होती. मग खाटेच्या कडेला टेकली. ड्युटीवर असताना पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं, ते तिलाच ठाऊक होतं.

"रेघेत होती म्हणालात? नक्की?"

"चावीच्या बाबतीत मी चुकत नाही," काका म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते ऐकून खाली बघू लागले.

"म्हणजे मी धुतली आणि उघडायची राहिली. एक ते सहा बंदच होती." तिने कपाळ चोळलं. "त्या चौदा नंबरच्या नादात."

एकीने उघडी ठेवायची ती बंद ठेवली होती, दुसऱ्याने बंद करायची ती उघडली होती, आणि नळीने आपलं काम केलं होतं.

छोट्या डॉक्टर आल्या. कागदावरचा आकडा बघून त्यांनी भुवया वर केल्या, मग सोनोग्राफीची ढकलगाडी मागवून तिथेच बघितलं. म्हणाल्या, नळीत जाळं अडकलं होतं म्हणून चार दिवस आकडा उतरल्यासारखा दिसत होता. पाणी आतच होतं. काल नळी धुतल्याने मोकळं झालं.

"छान केलंत सिस्टर. आज शंभराच्या आत दिसलं असतं तर मी काढून मोकळी झाले असते. आठवड्यात परत आले असते हे, आणि तोवर पाणी घट्ट झालं असतं. मग ही बारीक नळी पुरत नाही, आत जाऊन साफ करावं लागतं."

सिस्टर छताकडे बघत होती. काकाही छताकडे बघत होते. शिंपी दोघांकडे बघत होता.

"मॅडम," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात धाडस वगैरे काही नव्हतं. लपवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात उरलेला नव्हता. "काल धुतल्यावर माझ्याकडून चावी बंद राहिली होती. संध्याकाळी सहापर्यंत."

छोट्या डॉक्टर थांबल्या. "मग उघडली कुणी?"

"काकांनी."

"काका, तुम्हाला यातलं कळतं?"

"चौतीस वर्षं हेच केलं," काका म्हणाले.

शिंप्याला खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबेना. छोट्या डॉक्टरांनी त्याची छाती ऐकली आणि त्याला नवीन औषध लिहून दिलं. मग कागदावर त्यांनी लिहिलं की धुतल्यानंतर चावी दोघांनी तपासायची, आणि दुसरं माणूस कोण, तिथे रिकामी जागा सोडली. काकांना म्हणाल्या, "अजून चार दिवस तरी. आणि चावीला पुन्हा हात लावायचा नाही, कळत असलं तरी."

दहा वाजता काकू आल्या. स्टुलावर बसल्या, डबा मांडीवर ठेवला.

"किती, मास्तर?"

शिंपी म्हणाला, "आज चावीवालेच सांगतील, वहिनी," आणि भिंतीकडे तोंड करून खरोखर झोपला.

काकांनी सगळं सांगितलं. स्टँडपासून सांगितलं. काकू डब्याची कडी उघडत होत्या आणि लावत होत्या.

"पाणी आत ठेवून घरी येणार होतात," शेवटी त्या म्हणाल्या.

"थोडं."

"आणि मी डोळ्यावर पट्टी बांधून तुमच्या छातीचा आवाज ऐकत बसले असते."

"मला वाटलं..."

"दहा मिनिटं मागितली होती तेव्हा नाही दिलीत," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. "सहा पाहुणे होते. मी काही म्हटलं का? आता न मागता द्यायला निघालात. आणि तेही उलटं फिरवून."

"उलटं फिरवलं म्हणून वाचलो."

"तेच म्हणतेय. सरळ फिरवलं असतंत तर?"

पलीकडे कुणाचं तरी मशीन टिकटिक करत होतं, ते सिस्टरने येऊन बंद केलं.

"उद्या जा," काका म्हणाले.

"नाही म्हटलं ना."

"ताईशी बोललो मी सकाळी. ती येते म्हणाली. राहायला."

"राहायला," काकू म्हणाल्या. तो शब्द त्यांनी औषधाच्या चमच्यासारखा तोंडात धरला.

"चार दिवस. थेंब घालेल, डबा करेल."

"आणि बोलेल."

"ते करेलच. हे बघ, तू नाही गेलीस तर मी आज संध्याकाळी पुन्हा ही चावी फिरवणार. आणि आता मला दिशा माहीत झालीय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा त्यांना दिसत नसावा, एक धुरकट गोळा दिसत असावा. पण पंचेचाळीस वर्षांत त्या गोळ्याचा हट्ट कुठे असतो ते त्यांना पाठ झालं होतं.

"धमकी देताय?"

"हो."

"आजारी माणसाने धमक्या देऊ नयेत. धाप लागते."

"लागलीच आहे."

काकूंनी डबा उघडला, चमचा भरला, पुढे वाकून आधी हाताने त्यांची हनुवटी चाचपली आणि मग चमचा तोंडाशी नेला. अर्धा डबा संपल्यावर म्हणाल्या, "किती वाजता निघायचं म्हणाल्या वन्सं?"

शुक्रवारी कुणी आलं नाही. दुपारी तीनला ताईचा फोन आला. बाविसाव्या मिनिटाला तिने सांगितलं की ऑपरेशन नीट झालं. त्याआधी दवाखान्यातल्या खुर्च्या, डॉक्टरांचं वय, रिक्षावाल्याची मुलगी आणि काकूंचा ऐनवेळी वाढलेला रक्तदाब, हे सगळं झालं. काका फोन कानाला लावून पडून होते. फोन ठेवल्यावर त्यांनी शिंप्याला सांगितलं, "झालं." शिंपी म्हणाला, "बरं झालं," आणि पिशवीकडे वाकून बघायला निघाला, मग आज कुणाला सांगायचं नाही हे आठवून परत टेकला.

शनिवारी साडेअकराला काकू आल्या. सकाळी डोळ्याची पट्टी काढली होती, आता मोठा काळा चष्मा होता. ताई त्यांना दारापर्यंत सोडून खाली औषधं आणायला गेली होती, म्हणजे तास तरी गेलाच. काकू दारात थांबल्या. वॉर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग चालत सरळ काकांच्या खाटेशी आल्या, कुणालाही न धडकता, आणि स्टुलामागच्या, डागांनी भरलेल्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"ह्या भिंतीला मी अकरा दिवस पाठ टेकून बसले?"

"आम्हाला वाटलं तुला चालते," काका म्हणाले.

काकूंनी स्टूल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. शिंप्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही यांच्यासारखे अजिबात दिसत नाही." शिंपी म्हणाला, "तेच तर तेव्हा सांगत होतो, वहिनी." मग काकू वाकू लागल्या, वाकायचं नाही हे आठवून थांबल्या आणि म्हणाल्या, "पिशवी वर धरा."

"वर धरायची नसते. पाणी उलटं जातं."

"मग थोडी तिरकी करा. एकशे चाळीस."

"एकशे तीस असेल."

"एकशे चाळीस," काकू म्हणाल्या, आणि बसल्या.

आता टेकायला काही नव्हतं. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिल्या. रात्रभर ताई बोलत होती, त्याआधीच्या रात्री ऑपरेशनच्या धास्तीने झोप नव्हती, त्याआधीच्या अकरा दिवसांचं तर विचारायलाच नको. पाच मिनिटांत त्यांची मान पुढे झुकली. काका एका कुशीवर वळले. डॉक्टरांनी काय काय सांगितलंय ते ताईने फोनवर दोनदा ऐकवलं होतं, आणि त्यातलं एक असं होतं की झोपेत डोळ्याला हात जाता कामा नये.

थोड्या वेळाने गेलाच. काकूंचा उजवा हात सवयीने वर उठला, चष्म्याच्या काचेखाली बोट शिरू लागलं. काकांनी हात लांब केला. टाक्यापाशी चांगलीच ओढ बसली, शिंप्याचं म्हणणं खोटं नव्हतं, दुहेरी धागा हवा होता. त्यांनी मनगट धरलं, हळूच खाली आणलं आणि खाटेच्या कडेवर ठेवून वर आपला हात ठेवला. काकू जाग्या झाल्या नाहीत.

सिस्टर नळी धुवायला ट्रे घेऊन आली. तिच्याबरोबर चावी तपासायला कुणी दुसरं नव्हतं.

"मागाहून," काका ओठांनीच म्हणाले. "हात मोकळा नाही."

सिस्टरने घड्याळ बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि ट्रे घेऊन आधी शिंप्याच्या खाटेकडे वळली.